मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं

समजा, मुखेड तालुक्यातल्या एखाद्या शाळेत सहावीतली मुलगी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेजवळ येते आणि हुंदके देत सांगते की, अमुक सर खोलीत बोलावतात आणि अंगाला हात लावतात. बाईंच्या हातापायातलं बळ जातं. त्या मुलीला पाणी पाजतात, जवळ बसवतात आणि तडक मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जातात. मुख्याध्यापक दार लोटून घेतात. "बरं झालं, आधी मला सांगितलंत. आता कुठं बोलू नका. मी अध्यक्षसाहेबांच्या कानावर घालतो." बाई सुटकेचा निःश्वास टाकतात. वरिष्ठांना सांगितलं, म्हणजे आपली जबाबदारी संपली असं त्यांना वाटतं. कायद्याच्या लेखी मात्र त्यांनी अजून काहीच केलेलं नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला. त्याचं १९ वं कलम म्हणतं की, अठरा वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची धास्ती ज्याला वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. मुख्याध्यापक, संस्थाचालक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांपैकी कुणाचंही नाव त्या कलमात नाही. वरिष्ठांना सांगायला मनाई नाही. पण ते सांगणं पोलिसांना सांगण्याच्या जागी चालत नाही. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा कायद्याने बांधलेल्या माणसांची संख्या एकाने वाढली, एवढंच झालं.

न सांगण्याची शिक्षा २१ व्या कलमात आहे. साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि ज्याच्या हाताखालच्या माणसाने गुन्हा केला आहे असा संस्थेचा वा कंपनीचा प्रमुख गप्प बसला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. इथे 'किंवा' नाही, दंड आहेच. कायदा करणाऱ्यांना आपल्याकडची खुर्चीची उतरंड चांगली ठाऊक असावी. ज्याच्या सहीने पगार निघतो त्याच्यासमोर बाईंची जीभ अडखळते, हे धरूनच मोठी शिक्षा वरच्या खुर्चीला ठेवली आहे. माझ्या मते ती अजूनही फार लहान आहे. संस्थेचं अनुदान आणि तीस वर्षांचं नाव एका बाजूला ठेवलं, तर एका वर्षाची शक्यता काही संस्थाचालकांना परवडणारी वाटू शकते. पण कलमाचा खरा दणका कैदेच्या मुदतीत नाही. तो सहआरोपी होण्यात आहे. न कळवण्याचं कलम बहुतेक वेळा एकटं येत नाही. मूळ अत्याचाराच्या गुन्ह्यातच ते जोडलं जातं आणि अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक अशी माणसं त्याच आरोपीच्या रांगेत उभी राहतात.

जानेवारी २०२० मध्ये नांदेड जिल्ह्याने हे पाहिलं. बिलोली तालुक्यातल्या एका शाळेतल्या विद्यार्थिनीवरील अत्याचाराचा गुन्हा रामतीर्थ पोलीस ठाण्यात दाखल झाला. आरोप दोन शिक्षकांवर होता, पण गुन्ह्यातली नावं तेवढ्यावर थांबली नाहीत. मुख्याध्यापकासह शाळेतल्या आणखी काही जणांची नावंही त्यात आली. त्या दिवसांत नांदेडच्या चहाच्या टपऱ्यांवर लोक विचारत होते, "मास्तरांचं समजलं, पण हेडमास्तरांवर का बरं?" त्या प्रश्नाचं उत्तर हाच इथला विषय आहे.

बरं, आपल्याकडे गुन्हा पाहिला तर पोलिसांना सांगायचं, हा सर्वसाधारण नियम आहे का? बऱ्याच सुशिक्षितांना तसं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या कलमात अशा गुन्ह्यांची ठरावीक यादी होती. खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, खोट्या नोटा, अन्नातली भेसळ असे गुन्हे त्यात होते आणि त्यांची खबर देणं नागरिकाचं कर्तव्य होतं. बलात्कार त्या यादीत नव्हता. म्हणजे शेजारी खोट्या नोटा छापतोय हे लपवणं कायद्याला खटकत होतं. शेजारच्या घरात लेकरावर काय होतंय, यावर कायदा बोलत नव्हता. पोक्सोने ही जागा भरली, तीही फक्त मुलांपुरती.

ती भरण्याची गरज का वाटली, त्याचं एक कारण केंद्र सरकारच्याच महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात आहे. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. निम्म्या प्रकरणांत करणारा ओळखीचा किंवा विश्वासातला होता. आणि बहुतेक मुलांनी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लेकरू बोलत नाही. मग ज्या मोठ्यांना कळतं त्यांनी बोललंच पाहिजे, असा या कायद्याचा सरळ हिशेब आहे. अमेरिकेत असे कायदे १९६० च्या दशकातच झाले. डेन्व्हरच्या हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या एक्स-रेंतून दिसणाऱ्या खुणांबद्दल लिहिलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी डॉक्टरांवर कळवण्याची सक्ती केली. तिथे सुरुवात डॉक्टरांपासून झाली. आपल्याकडे थेट 'कोणतीही व्यक्ती' म्हटलं गेलं: आई, शेजारीण, रिक्षावाला, मेसची मावशी, सगळे.

कायदा नवा होता तेव्हा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या गप्पपणावर बोट ठेवलं. शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल २५ एप्रिल २०१३ चा. अकरा वर्षांच्या, बुद्धीने मागे राहिलेल्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. फाशीची जन्मठेप झाली म्हणून वकील मंडळी तो निकाल वाचतात. मला त्याचा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. मुलीला आरोपीबरोबर पाहणारे लोक होते. वेळीच कुणी पोलिसांकडे गेलं असतं तर पुढचं टळलं असतं, याची खंत न्यायमूर्ती के. एस. पी. राधाकृष्णन आणि मदन लोकूर यांच्या पीठाने नोंदवली. शाळा, वसतिगृहं, बालगृहं, दवाखाने यांच्या प्रमुखांनी मुलांवर अत्याचार झाल्याचं कळलं तर ती माहिती पोलिसांपर्यंत न्यायची, असे निर्देशही दिले.

त्या निर्देशांना अकरा वर्षं होऊन गेल्यावर बदलापूर घडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार आली. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि लोकल ठप्प झाल्या, हे सगळ्यांना आठवतं. त्यानंतरची एक गोष्ट कमी लोकांना आठवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या पीठाने २२ ऑगस्टला स्वतःहून दखल घेतली आणि विचारलं की, शाळेने पोलिसांना कळवलं नाही, मग शाळेवर कारवाई काय? त्यानंतर शाळेच्या व्यवस्थापनावर गुन्हा दाखल झाला. अध्यक्ष आणि सचिव यांना उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबरला अटकपूर्व जामीन नाकारला, पाठोपाठ अटक झाली. जामीन पुढे मिळाला. मूळ आरोपी त्याआधीच, २३ सप्टेंबरला, पोलिसांच्या गोळीबारात मेला होता आणि त्याचा वेगळाच वाद पेटला होता. त्या धुरळ्यात न कळवण्याच्या कलमाची बातमी आतल्या पानावर गेली.

यात पोलीसही सुटत नाहीत. आलेली माहिती नोंदवून घेतली नाही तर तेच २१ वं कलम ठाण्यातल्या अधिकाऱ्यालाही लागतं. "उद्या या, साहेब नाहीत," हे वाक्य या गुन्ह्यात स्वतःच गुन्हा ठरू शकतं.

संस्थाचालकांच्या बोलण्यात एक घोळ वारंवार ऐकू येतो, तो इथेच निस्तरलेला बरा. "आम्ही आमच्या समितीमार्फत चौकशी करतो आहोत." कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्यात अंतर्गत समिती असते, तिला चौकशीसाठी नव्वद दिवस मिळतात, तक्रारदार बाईची इच्छा असेल तर तडजोडीचीही सोय आहे. ती व्यवस्था कामाच्या ठिकाणच्या छळासाठी आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात ती पोलिसांना कळवण्याच्या जागी चालत नाही. शाळाशाळांत मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समित्या झाल्या, तक्रारपेट्या लागल्या, चांगलंच झालं. पण समितीने चौकशी करून 'तथ्य आढळलं' तर मग पोलिसांकडे जायचं, असा टप्पा पोक्सोत नाहीच. तथ्य आहे की नाही हे पाहणं पोलिसांचं आणि पुढे विशेष न्यायालयाचं काम. शाळेने मुलीला पाच जणांसमोर उभं करून चारदा तेच विचारलं, तर तिला चारदा त्रास होतो आणि पुढे बचाव पक्षाच्या वकिलाला तिच्या जबाबातल्या विसंगती आयत्या मिळतात.

गावबैठकीचंही तेच. दोन्हीकडची चार प्रतिष्ठित माणसं ओसरीवर बसतात. "पोरीची जात आहे, उद्या लग्न व्हायचंय. मिटवून टाका." पैसे ठरतात, स्टॅम्पपेपरवर लिहून होतं. राजस्थानातल्या एका शिक्षकाचं असंच मिटवलेलं प्रकरण रामजीलाल बैरवा खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. उच्च न्यायालयाने तडजोड मान्य करून गुन्हा रद्द केला होता; ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. तेव्हा तो स्टॅम्पपेपर कुणाच्याच कामाचा नसतो. उलट त्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाला गुन्हा माहीत होता, याचा तो लेखी पुरावा ठरतो. पोलीस पाटलांनी तर अशा बैठकीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. गावातल्या गुन्ह्याची खबर देणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्यांचं कामच आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. माहीत असणं म्हणजे नेमकं काय?

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. आरोपींमध्ये एक डॉक्टर होते. त्यांनी अत्याचार केल्याचा आरोप नव्हता. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं, त्यांना कळलं होतं आणि त्यांनी कळवलं नाही, एवढाच आरोप. ते नागपूर खंडपीठाकडे गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्यापुरता गुन्हा रद्द झाला. त्यांना माहीत असल्याचा पुरावा नाही, असं खंडपीठाचं मत पडलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ नोव्हेंबर २०२२ ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि सी. टी. रविकुमार यांनी तो आदेश फिरवला. काही मुलींच्या जबाबांत डॉक्टरांचा उल्लेख होता. ते जबाब खरे की खोटे हे खटल्यात ठरेल, सुरुवातीलाच तोलून गुन्हा गुंडाळता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. वेळेवर कळवलं नाही तर वैद्यकीय तपासणीतून मिळणारा पुरावा निघून जातो, हा त्यामागचा व्यवहारी मुद्दा.  वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल मुळातून वाचायला हवा.

याच्या उलट टोकाला केरळचा २०१८ चा टेसी जोस खटला आहे. एका अल्पवयीन मुलीचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांवर न कळवल्याचा गुन्हा होता. दवाखान्याच्या कागदांवर वय अठरा लिहिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना मोकळं केलं. कलमाला प्रत्यक्ष माहिती लागते. वय खरं की खोटं याचा शोध घेत बसण्याचं ओझं डॉक्टरवर टाकलेलं नाही, असं न्यायालय म्हणालं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की रेषा बरीचशी दिसते. डिटेक्टिव्ह व्हायची गरज नाही. पण समोर आलेलं पाहिलं नाही असं म्हणता येत नाही. कलमाच्या शब्दांत आणखी एक बारकावा आहे. १९ वं कलम घडलेल्या गुन्ह्याबरोबर घडू शकणाऱ्या गुन्ह्याची धास्तीही कळवायला सांगतं. शिक्षेचं २१ वं कलम मात्र घडलेला गुन्हा न कळवण्याबद्दलच बोलतं. म्हणजे नुसता संशय होता आणि तुम्ही बोलला नाहीत, तर तुम्ही कर्तव्य चुकलात, पण तुरुंगात जाण्याची शक्यता फारशी नाही. मला हे एका अर्थी बरोबर वाटतं. संशयालाही शिक्षा लावली असती तर प्रत्येक शिक्षकाने स्वतःला वाचवण्यासाठी ठाण्याच्या चकरा मारल्या असत्या.

मराठवाड्यात हा प्रश्न दवाखान्याच्या दारात रोज उभा राहतो, आणि त्याचं कारण बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी, बीडसह मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांचे आकडे त्याच्या कितीतरी वर होते. ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचे हात पिवळे करायचे, कोयत्याला जोडी मिळते आणि मुलगी एकटी मागे राहत नाही, हे इथलं जुनं गणित. मग सोळा वर्षांची सून दिवस गेले म्हणून आशाताईंबरोबर उपकेंद्रात येते. ऑक्टोबर २०१७ मधल्या इंडिपेंडंट थॉट खटल्याच्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच आहे, नवरा असला तरी. म्हणजे तिच्या पोटातलं बाळ हाच गुन्ह्याचा पुरावा, आणि आशाताई, उपकेंद्रातली नर्स (एएनएम), डॉक्टर तिघांनाही तो माहीत झालेला.

आशाताईंची अडचण कुणी समजून घ्यायची? त्या त्याच गल्लीत राहतात. पोलिसांत कळवलं तर त्या मुलीचा नवरा आत जाणार, सासू दारात येऊन शिव्या घालणार, आणि पुढच्या वेळी त्या वस्तीतली कोणतीही लहान सून त्यांच्याकडे नोंदणीला येणार नाही. ती गावठी दाईकडे किंवा गोळ्या विकणाऱ्याकडे जाईल. मोठ्या रुग्णालयात हे तुलनेने सोपं. तिथे आवारातच पोलीस चौकी असते, डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद, करून कागद पाठवतात आणि ती रुळलेली पद्धत आहे. खेड्यात तोच कागद एका बाईच्या नावाने जातो. कायदा इथे चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सोळाव्या वर्षीचं बाळंतपण जिवावर बेततं, आणि लग्नाच्या नावाखाली सगळं झाकायचं तर कायदा हवा कशाला? पण बालविवाह रोखण्याची जबाबदारी ज्या ग्रामसेवकावर आहे, ज्या सरपंचाने अक्षता टाकल्या, ज्या मंगल कार्यालयाने हॉल दिला, ते सगळे सुटतात आणि शेवटी मानधनावर काम करणारी बाई कलम २१ च्या तोंडाशी उभी राहते. हे काही न्यायाचं लक्षण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत थोडी वाट काढून दिली. २९ सप्टेंबर २०२२ च्या गर्भपातविषयक निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं की, संमतीच्या संबंधांतून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवायचं आहेच; पण मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख सांगितली नाही तरी चालेल. कॉलेजातल्या प्रेमप्रकरणांत अडकलेल्या पोरापोरींना याचा आधार आहे. लहान गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हा निकाल टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

आता लातूरकडे येऊ. दहावीचा निकाल लागला की बसस्थानकावर ट्रंका आणि गाद्या उतरू लागतात. नीट आणि जेईईच्या शिकवण्यांसाठी पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली आसपासच्या जिल्ह्यांतून लातुरात येतात; नांदेडमध्येही तसंच. ट्यूशन एरियातल्या घराघरावर 'मुलींसाठी रूम व मेस' असे फलक असतात. चार खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाला आपण संस्था आहोत असं वाटतच नाही. पण त्याच्याकडे राहणारी मुलगी कायद्याने बालक आहे, आणि त्याच्या वॉचमनने वा स्वयंपाक्याने काही केलं आणि त्याला कळलं, तर तो नुसता शेजारी राहत नाही; नोकराच्या गुन्ह्याला उत्तर देणारा प्रमुख ठरू शकतो. लॉज, हॉटेल, फोटो स्टुडिओ, दवाखाना, प्रसारमाध्यमं यांना २० वं कलम वेगळं बांधतं: मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं चित्र वा चित्रफीत हाती आली तर पोलिसांना कळवायची. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला ग्राहकाच्या फोनमध्ये असं काही दिसलं तर त्याने काय करावं, याचं उत्तर १९ व्या कलमात तसंही आहेच.

२०२५ च्या जुलैत लातूर जिल्ह्याच्याच औसा तालुक्यातल्या एका निवासी संस्थेचं नाव राज्यभर गेलं. तिथे राहिलेल्या अल्पवयीन मुलीने संस्थेतल्या कर्मचाऱ्यावर वारंवार अत्याचाराचा आरोप केला. गुन्हा शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यात नोंदवून औशाला वर्ग झाला. त्या कर्मचाऱ्याबरोबर संस्थेचे प्रमुख, अधीक्षिका आणि गर्भपात केल्याचा आरोप असलेला डॉक्टर यांचीही नावं गुन्ह्यात आली. आपण तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकल्या, त्या फाडून टाकल्या गेल्या, असं मुलीचं म्हणणं होतं. हे सगळे आरोप आहेत. निकाल न्यायालय देईल. पण तक्रारपेटीची किल्ली कुणाच्या हातात असते, हा प्रश्न प्रत्येक बालगृहाच्या तपासणीत विचारायला निकालाची वाट पाहायची गरज नाही. किल्ली अधीक्षकाकडे असेल तर ती पेटी भिंतीवरची शोभा आहे. ती उघडताना बाहेरचं कुणीतरी, बालकल्याण समितीचं वा पालकांपैकी, हजर हवं.

कळवायचं कसं, हे लोकांना खरंच माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर. ठाण्यात गेलात तर समोर ठाणे अंमलदार असतो. तुम्ही सांगितलेली माहिती त्याने लिहून घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा, तुम्हाला वाचून दाखवायची आणि नोंदवहीत चढवायची. हे चारही टप्पे १९ व्या कलमातच लिहिलेले आहेत. मूल स्वतः सांगत असेल तर ते त्याला समजेल अशा सोप्या भाषेत उतरवायचं. किनवट-माहूरकडचं गोंडी वा कोलामी बोलणारं लेकरू असेल, बंजारा तांड्यावरचं असेल, तर दुभाषी द्यायचा. मुलाचा सविस्तर जबाब ठाण्यात नव्हे, त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि वर्दी न घालता. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. दवाखान्याने 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणत उपचार अडवायचे नाहीत. ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावता येतो. १०९८ वर आलेली माहिती पोलिसांना देणं हेल्पलाइन चालवणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जाताना किंवा फोन केल्यावर तारीख, वेळ आणि कुणाशी बोललो हे एका वहीत टिपून ठेवावं. माहिती दिलीच नाही, असा आरोप उद्या आला तर ती वही उपयोगी पडते.

"आणि खोटं निघालं तर?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. शिक्षकांच्या खोलीत तर तो आधी येतो. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं १९ व्या कलमाचं सातवं पोटकलम सांगतं. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, बदनामीसाठी वा पैसे उकळण्यासाठी गंभीर गुन्ह्याची खोटी तक्रार करणाऱ्याला: २२ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत, आणि खोटी तक्रार एखाद्या मुलाविरुद्ध असेल तर एक वर्षापर्यंत. गुन्हा शाबीत न होणं आणि तक्रार खोटी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदार फिरले म्हणून आरोपी सुटला, तर कळवणाऱ्या बाईंवर काही येत नाही. मुलाने कळवलं नाही किंवा चुकीचं सांगितलं, तरी त्याला कोणत्याही कलमाखाली शिक्षा नाही. माहिती पोलिसांना द्यायची आहे, गावाला नव्हे, हेही बजावून ठेवतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मुलीच्या शाळेचं नाव, वस्ती, वडिलांचा धंदा टाकून 'न्याय मिळालाच पाहिजे' लिहिणारे कायद्याच्या दृष्टीने स्वतःच गुन्हेगार ठरू शकतात.

एवढं सगळं आहे ते फक्त लैंगिक गुन्ह्यांपुरतं. सावत्र बापाने पट्ट्याने फोडून काढलेलं पोर, चटके दिलेली घरकामाची मुलगी, उपाशी ठेवलेलं मूल, यांच्याबद्दल शेजाऱ्याने गप्प राहणं पोक्सोत येत नाही. मुलांना क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पण तो पाहून न कळवणाऱ्याला तशी शिक्षा नाही. पालकांपासून ताटातूट झालेलं किंवा टाकून दिलेलं मूल सापडलं तर मात्र त्याच कायद्याने चोवीस तासांत कळवावं लागतं. प्रवासाची वेळ त्यात धरत नाहीत. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नांदेडच्या रेल्वे स्थानकावर सचखंड एक्सप्रेसमधून उतरलेलं एकटं पोर हॉटेलात कपबशा विसळायला ठेवून घेणाऱ्याला, "बिचाऱ्याला आसरा दिला," एवढं सांगून चालणार नाही. त्याने आधी १०९८ ला फोन करायचा, आणि मग चहा पाजायचा.